आखणी

बाबा, आज तुमच्या कारखान्यावरून गेले म्हणून लिहायला बसले. पेणला गणपतीच्या आधीचे दिवस चालू आहेत. गल्लीभर मूर्ती वाळत ठेवल्यात, रंग चढलाय, पण डोळे अजून एकीलाही नाहीत. डोळे शेवटी. ते तुम्ही करायचात. तुमच्यासारखी आखणी अख्ख्या गल्लीत कुणाची नव्हती, हे मुलगी म्हणून सांगत नाही, कारखान्याचे शेठ सांगायचे. श्वास धरून वरच्या पापणीची एक रेघ, मग खालची, मग बुबुळ. मी रंगाची वाटी धरून बसायचे आणि शिंक येईल म्हणून घाबरायचे.

आपण ख्रिस्ती, तरी त्या कामाला कुणाची हरकत नव्हती. पाळकसुद्धा म्हणाले होते, पोटाचं काम आहे, करा. तुम्हीच एका रविवारी उपासनेहून आलात, ब्रश धुतलेत आणि फडक्यात गुंडाळून शेठना देऊन आलात. चतुर्थीला आठ दिवस राहिलेले. संध्याकाळी शेठ आपल्याकडे आलेले, ओट्यावर बसून हात जोडतायत, ‘एवढा सीझन काढा हो,’ आणि तुमची मान खाली. ‘शेठ, डोले आखताना मला परमेश्वर आठवत नाय. प्रार्थनेला बसलो तरी बोटं रेघच मारतात. त्याच्यापेक्षा मला हेच जास्त आवडतं, म्हणून सोडलं.’

शेठना त्यातलं काय कळलं कोण जाणे. मी बारा वर्षांची, मला एवढंच कळलं की जे जास्त आवडतं ते तुम्ही सोडून देता. आईच्या पाठीमागून मी विचारलं, ‘मग मी जास्त आवडले तर मलापण सोडणार?’ आई भाकरी थापायची थांबली. मला वाटलं, हसाल, जवळ घ्याल. तुम्ही म्हणालात, ‘पयला तो. तू त्याच्या मागून गो बाय.’ मेलं काय हे पोरीशी बोलणं! मी ते कधी विसरले नाही. तुम्ही रोह्याच्या कंपनीत गोण्या उचलायला लागलात, हात फुटले, तरी मला कीव आली नाही. पहिल्या पगाराच्या दिवशी माझ्यासाठी रंगांची पेटी आणलीत, तीही मी उघडली नाही. माझ्या लग्नातसुद्धा तुम्ही आधी प्रार्थनेला गुडघे टेकलेत आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवलात, हे मी बरोबर पाहून ठेवलं.

आणि मग रोह्याचा तो दवाखाना. दुपारची वेळ, तुमची वाचा गेलेली. तुम्ही माझा हात ओढलात, तळवा उघडलात आणि त्यावर बोट फिरवायला लागलात. पाळक शेजारी उभे होते. म्हणाले, ‘क्रूस काढतायत.’ मी म्हटलं, ‘व्हय.’ क्रूस नव्हता तो, बाबा. वरची पापणी, खालची पापणी, बुबुळ. एक डोळा झाला, मग दुसरा. मी खोटं बोलले, आणि तेवढ्यात मला आनंदही झाला. वाटलं, हरला तुमचा देव. तुम्ही चाललेले आणि मी हे मनात आणलं.

हे पत्र कुठं पाठवणार? त्या पेटीत ठेवते, आज उघडली, रंग पार वाळून गेलेत. एक मात्र सांगते. मी अजून दर रविवारी उपासनेला जाते, डोळे मिटते, आणि प्रभूचं नाव घ्यायच्या आधी तळव्यावर तुमचं बोट फिरायला लागतं. मला तेच जास्त आवडतं, बाबा. तुम्ही सोडलंत. मला सोडवत नाही.