मुठीचं माप

९ सप्टेंबर २००५, शुक्र.
मिलिंद ऑफिसातून लवकर आला. हातात दोन कागद. एकावर साधं पिस्तूल, दुसऱ्यावर तेच, पण मूठ हातानं कोरून देणार, ट्रिगर आपल्याला हवा तसा बसवून देणार. किंमत जवळजवळ दुप्पट. "तू सांग, कुठलं घेऊ?"
सात वर्षं नेमबाजीच्या क्लबचं पिस्तूल वापरतोय, कधी मला विचारलं नाही. मी त्याला टिकल्यांची बंदूक म्हणते. हवेवर चालतं, छर्रा दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडतो, संपलं. खरी पिस्तुलं इथं इंग्लंडात बंदच आहेत. एरवी मी म्हटलं असतं, दोन्ही नको, आधी बॉयलर बदल. पण जूनमध्ये डॉक्टरांनी सांगितल्यापासून मला त्याला कशालाच नाही म्हणता येत नाही. ते त्याला कळतं, आणि त्याचाच त्याला राग येतो.
मोटर न्यूरॉन. स्नायू झिजत जातात, उपाय नाही. एकदा लिहून टाकते. सुरुवात उजव्या हातापासून. किती दिवस, ते नेमकं कोणी सांगत नाही.

११ सप्टें., रवि.
रॉयकडे गेलो, रेडिंगच्या पलीकडे. मि.च्या क्लबातला, सत्तरीचा, घरामागच्या शेडमध्ये मुठी कोरतो. सगळीकडे अक्रोडाच्या लाकडाचा भुसा, माझ्या काळ्या कोटाचं वाटोळं. त्यानं आधी साधं पिस्तूल मि.च्या हातात दिलं. मूठ मिडियम मापाची, हातमोज्यासारखा हात आत घालायचा. अंगठ्याखालचा मांसल भाग आता आत गेलाय, तिथं तळहात आणि लाकूड यांच्यात फट. माझं बोट गेलं असतं. रॉयनं पाहिलं. मि. म्हणाला, "टेनिस एल्बो." रॉय "राइट" म्हणाला आणि चहाचं विचारलं.
मी सरळच विचारलं, दुप्पट पैशांत जास्त काय मिळतं? म्हणाला, बहुतेकांना साधं पुरतं. मूठ तुमच्या हाताची असली की फरक एवढाच, हात उचलल्यावर ती आहे हे विसरायला होतं. आणि ती दुसऱ्या कुणाच्या कामाची नसते, हेही लक्षात ठेवा.
माणूस प्रामाणिक आहे. मला विकणारा हवा होता.

१४ सप्टें., बुध.
तोंडातून गेलं. जेवताना चांगलं शांतपणे सांगत होते: साधं घे, हलकं आहे, कंपनी चांगली आहे, आणि नंतर विकताही येईल.
नंतर.
मि. म्हणाला, "हो. रीसेल व्हॅल्यू." उठून भांडी घासायला लागला, डाव्या हातानं. मी मागे उभी राहून तसं नाही रे, तसं नाही रे करत राहिले. कसं होतं मग? जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

१५ सप्टें., गुरु.
सकाळी तोच बोलला. "चौथीपर्यंत माझ्या शर्टाच्या बाह्या बोटांवर यायच्या, माहितेय? आई वाढत्या अंगाचा शिवून घ्यायची. नीट बसायला लागला की फाटलाच. मग कॉलेजात दादाचे. इथं सेलमधले मिडियम, बाह्या तू आखूड करतेस. एक वस्तू माझ्या मापाची हवी गं मला. एकच."
घे म्हटलं. त्याच्यासमोर रडले नाही. बी.एस्सी. करून ब्रॅकनेलमध्ये ड्रायक्लीनरच्या मागच्या खोलीत लोकांच्या पँटा आखूड करते, त्याची एरवी लाज वाटते. आज तीच खोली बरी वाटली. एकाची झिप उसवता उसवता रडून घेतलं.

१८ सप्टें., रवि.
रॉयचा फॉर्म आला. हात कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची, सहा ठिकाणची मापं लिहायची. मि.नं हात ठेवला. करंगळी वाकडी, नागपूरला क्रिकेट खेळताना मोडलेली. "गुदगुल्या होतात ना!" किती दिवसांनी असा हसला. मापं मी घेतली. पाकीट उद्या पोस्टात टाकते म्हटलं.

१९ सप्टें., सोम.
लिहू की नको.
माझ्या मापांच्या वहीत मि.चं मनगट आहे, मार्चमधलं, शर्टाच्या कफसाठी घेतलेलं. काल त्याहून अर्धा इंच कमी भरलं. मूठ यायला आठ आठवडे. म्हणजे नोव्हेंबर. तोवर आणखी...
आमच्या कामात आजच्या अंगावर शिवत नाहीत, घालायच्या दिवशी अंग कसं असेल ते बघून शिवतात. पोटुशी बाई, लग्नाआधी वजन उतरवणारी नवरी, रोजचंच आहे. मूठ आली आणि पुन्हा ती फट दिसली तर त्याचं तोंड मला बघवणार नाही.
दुकानात नवा कागद घेऊन कालच्यावर ठेवला. कालच्या रेषेच्या आतून दुसरी रेष काढली. मापं कमी करून लिहिली. टाकलं पोस्टात. मि.ला सांगितलं नाही.

९ ऑक्टो., रवि.
नागपूरहून सासूबाईंचा फोन. "जय भीम, सूनबाई. मिलिंदचा आवाज असा काहून येऊन राहिला?" सर्दी झालीय, म्हटलं. त्यांना अजून काहीच सांगितलेलं नाही. उन्हाळ्यात गेलो की समोर बसून सांगू, असं मि. म्हणतो. "आणि पिस्तूल घेतो म्हणे? या वयात खेळणं?" त्या हसल्या, मीही हसले.
फोन ठेवल्यावर मि. म्हणाला, "तू खोटं छान बोलतेस गं." गमतीनंच.

१२ नोव्हें., शनि.
मूठ तयार झाली म्हणून गेलो. रॉयनं फडकं सोडून पिस्तूल मि.ला दिलं. देखणं आहे. मि.नं हात घातला. गेला नाही. बोटं पोचली, तळहात पोचेना. पुन्हा केलं. रॉयचा चेहरा पडला. त्यानं ड्रॉवरमधून माझा कागद काढला, मुठीशी ताडून बघितला. "बँग ऑन द लाइन," म्हणाला, तंतोतंत रेषेवर. होतीच.
मि.नं कागद हातात घेतला. त्याचं बोट करंगळीवर थांबलं. कागदावरची करंगळी सरळ होती. इतकी वर्षं पॅटर्न काढून माझा हात आपोआप सरळ रेष मारतो.
"माय फॉल्ट," मि. रॉयला म्हणाला. "मी हात आवळून धरला असणार." रॉय म्हणाला, घट्ट असेल तर काहीच नाही, आतून तासतो, दहा मिनिटांत बसेल. मि. म्हणाला, आज नको.
गाडी मी चालवत होते.
"किती महिन्यांनंतरचं माप दिलंस?"
"नोव्हेंबरचं."
"आला की नोव्हेंबर."
मग म्हणाला, "म्हणजे तुझ्या अंदाजानं मी आत्तापर्यंत एवढाच उरायला हवा होतो."
बस स्टॉपवर गाडी घातली आणि ओक्साबोक्शी रडले. मागून बसवाला हॉर्न वाजवतोय. मि. रडला नाही. "आईनं वाढत्या अंगाचं शिवलं, आणि तू..."

१४ नोव्हें., सोम.
अबोला. चहा ठेवते, पितो. शर्टाची बटणं मी लावते, लावू देतो. वर छताकडे बघतो.
एक गोष्ट इथंच लिहिते, कारण त्याला सांगायचं तोंड नाही. माझा अंदाज चुकला. हात मला वाटला तेवढा गेलेला नाही. चुकल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. आणि त्याच चुकीनं मी त्याला जसं मारलं, तसं रोगानंही अजून मारलेलं नाही.

१९ नोव्हें., शनि.
रॉयकडून पाकीट. आत पॉलिश पेपरचे दोन तुकडे आणि चिठ्ठी: तुम्हाला वाटेल तेव्हा. त्याला सगळं कळलंय.
अबोला सुटला. मी म्हटलं, तासून टाक ना, क्लबात जा, नेम धर, त्यासाठीच घेतलंय ना? म्हणाला, "आज तासली तर आज बसेल. मग रोज थोडी थोडी सैल होत जाणार, आणि ते मी बघत बसणार. त्यापेक्षा अशीच राहू दे." आता रोज सकाळी चहाआधी मुठीत हात घालून बघतो. "घट्ट," म्हणतो. घट्ट म्हणजे चांगली बातमी. मग मी चहात साखर घालते.
वैतागून म्हटलं, "हे पिस्तूल आहे की थर्मामीटर? यासाठी दुप्पट दिले?"
"साध्यात हे फीचर नाही," मि. म्हणाला.
दोघंही हसलो. हसता हसता मला आवरेना. त्यानं डाव्या हातानं माझी पाठ थोपटली.

२७ नोव्हें., रवि.
घट्ट. चमचा मात्र दोनदा पडला.

४ डिसें., रवि.
घट्ट. पण आज जोर लावताना आधीसारखं 'च्' केलं नाही. मी विचारलं नाही.

१० डिसें., शनि.
सकाळी मी ओट्याशी कांदा चिरत होते, पाठ त्याच्याकडे. हात घातल्याचं कळलं. मग काहीच नाही.
"काय रे?"
"घट्टच आहे."
वळून बघायचा धीर झाला नाही. कांदा चिरत राहिले. त्यानं चहा घेतला, पोहे खाल्ले, स्वेटर मागितला. रॉय न्यायला आला तेव्हा मला कळलं की हा आज क्लबात चाललाय. पिस्तुलाची पेटी डाव्या हातात. दाराशी माझ्या केसांवरून हात फिरवला, उजवा, हलकाच. "येतो गं."
घट्ट मूठ घेऊन कोणी साठ छर्रे मारायला जात नाही, एवढं मलाही कळतं. रॉयकडून तासून घेणार असेल. असेलही तसं. रॉयकडे हत्यारं असतातच.
दोन वाजलेत. आल्यावर विचारलं तर तो खरं सांगेल. विचारीन का, माहीत नाही.