रोल नंबर एकोणचाळीस

४ ऑगस्ट, सोमवार. कलबुर्गी.
विद्यापीठातला पहिला दिवस. कोर्स बी.ए., इंग्रजी आणि बिझनेस, दोन्ही एकत्र. वर्गात पाऊल टाकलं आणि अडतीस पोरंपोरी ताडकन उभी राहिली. त्यांना वाटलं मीच प्राध्यापक. मी म्हणालो, "सिट डाऊन, प्लीज." विद्यापीठातलं माझं पहिलं इंग्रजी वाक्य, आणि व्याकरणात एक चूक न्हाई. सगळे बसले. मीही पुढच्या खुर्चीवर बसलो. मग खऱ्या मॅडम आल्या. राजश्री मॅडम, तिशीच्या असतील. अदबीनं म्हणाल्या, "सर, ही माझी खुर्ची." मला मागचा बाक मिळाला. रोल नंबर ३९. मागून सगळा वर्ग दिसतो, हे बरंच झालं.

५ ऑगस्ट, मंगळवार.
"मृत्युंजय, सत्तेचाळिसाव्या वर्षी कामून शिकायलास?" असं गावात सगळे विचारतात. कारण एकदा लिहूनच ठेवतो. बिदरला, नौबादमध्ये आमचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. वीस वर्षं मीच चालवलं. गेल्या वर्षी बेंगळुरूच्या एका हॉटेलचा माणूस आला आणि दहा मिनिटं इंग्रजीत बोलला. मी प्रत्येक वाक्याला "येस, येस" केलं. तो हात मिळवून गेला तो गेलाच. मी कशाकशाला होकार दिला, आजपर्यंत कळलं न्हाई. तेव्हाच ठरवलं. तीन वर्षांत डिग्री, चौथ्या वर्षी दुबईला पराती.
ही रोजनिशी सोमवारपासून इंग्रजीत.

९ ऑगस्ट, शनिवार. नौबाद.
दुकान तात्पुरतं सिद्धम्माच्या, म्हणजे बायकोच्या ताब्यात दिलं. मी आता फक्त शनिवार-रविवार घरी. ती म्हणाली, "म्हंजे आता मीच बघायचं?" मी म्हणालो, बघायचं तू, पण डोकं माझं. याला डेलिगेशन म्हणतात. अकरा सूचना लिहून दिल्या. सातवी सगळ्यात महत्त्वाची: भांडी भाड्यानं द्यायची न्हाईत. संध्याकाळी पाहिलं तर एका बाईचे चिमटे तिनं त्याच कागदात बांधून दिले. सूचना पाठ झाल्या असणार.

११ ऑगस्ट, सोमवार.
टुडे इज मंडे.
(पुढचं सवडीनं.)

२५ ऑगस्ट, सोमवार. दुपारी २.
इंग्रजीच्या तासाला प्रत्येकानं स्वतःची ओळख करून द्यायची होती. मी तीन पानं काढून नेली होती. दुसऱ्याच वाक्याला वर्ग माझ्या मुठीत: "आय ॲम हॅविंग वन वाईफ इन बिदर." इतकं हसले की पुढची पानं वाचायची गरजच पडली न्हाई.
नंतर पंचशीला भेटली. भालकीची पोरगी, पहिल्या बाकावर बसते, हुशार आहे. म्हणाली, "काका, ते 'वन' नको म्हणायला पाह्यजे होतं."
"कामून? एकच तर हाय."
"व्हय, पण ऐकणाऱ्याला वाटतंय, दुसरी कलबुर्गीत हाय."
लहान आहे अजून. भाषेतला नेमकेपणा तिला हळूहळू कळेल.

१३ सप्टेंबर, शनिवार. नौबाद.
दुकानात धक्का. उंचीप्रमाणे लावलेली माझी पातेली जागची हलवलेली. समोर तवे, काविलथे, पोळपाट, असले रोजचे किरकोळ जिन्नस. चार बाया ठाण मांडून चहा पीत बसलेल्या. आणि मागच्या भिंतीला मोठी पातेली, पराती, पळ्या, प्रत्येकाला चिठ्ठी. लग्नाला भाड्यानं!
मी म्हणालो, सातवी सूचना वाचलीस का? परत आलेल्या भांड्याला पोचा पडलेला असतो.
ती म्हणाली, "पोचा पडतोय की. पण भांडं परत द्यायला लोक दुकानात येतेत. आले की काहीतरी घेऊन जातेत."
मी तिला फूटफॉल हा शब्द समजावून सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जरा बाजूला सरता का, त्यांना डबे दिसंना झालेत."
एकंदरीत माझी थिअरी ती नकळत वापरायली आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार.
बिझनेसचा प्रकल्प: जवळच्या एका धंद्याचा अभ्यास, दोघांचा गट. मी आणि पंचशीला. मी खोलीवरच बसून आमच्या दुकानावर नऊ पानं लिहिली, नाव 'दूरदृष्टीचं नेतृत्व'. पंचशीला म्हणाली, "मी भालकीला जायलेच, तर बिदरला उतरून काकूंना भेटते." म्हणालो, जा, पण लक्षात ठेव, ती मॅनेजमेंट न्हाई. परत आली ती वही भरून. दोन तास बसली म्हणे, जेवूनही आली. तिच्या सोळा पानांत माझं नाव एकदा आहे, 'पूर्वीची व्यवस्था' या मथळ्याखाली. पूर्वपीठिका लागतेच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
राजश्री मॅडमनी प्रकल्प वर्गात वाचला. (पंचशीलाची पानं. माझी बहुतेक त्या घरी निवांत वाचणार.) म्हणाल्या, हे दुकान जे चालवतात, त्यांनाच पाहुणे म्हणून वर्गात बोलवू. सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडं पाहिलं. मी मान थोडी खाली घातली, तसंच शोभतं. नवा शर्ट शिवायला टाकला. भाषण इंग्रजीत, बारा मिनिटं.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
निमंत्रण नौबादच्या पत्त्यावर गेलं, आणि त्यावर नाव सिद्धम्माचं. ऑफिसची टायपिंगची चूक. उद्या दुरुस्त करून घेतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.
चूक न्हाई म्हणे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार.
सिद्धम्मा सकाळच्या गाडीनं आली. हिरवं इरकल नेसून, हातात पिशवी. वर्गात आली तशी सगळी उभी राहिली. ती घाबरून माझ्याकडं बघायली. मी बाकावरून खूण केली, बसा म्हणावं त्यांना. तिनं म्हटलं.
मग बोलली. मराठीत सुरुवात, मधेच कन्नड, एका पोराला दख्खनी उर्दूत उत्तर. मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही इंग्रजीत भाषांतर करा." आली संधी.
सिद्धम्मा म्हणाली, "लग्नाचं गिऱ्हाईक आलं की कोणतं भांडं पाह्यजे, असं न्हाई विचारत मी. किती माणसं जेवणार, ते विचारते."
मी उठून म्हणालो, "शी इज नॉट गिव्हिंग व्हेसल. शी इज आस्किंग, हाऊ मेनी पीपल विल ईट."
मग पंचशीला हळूच उभी राहिली आणि बाकीचं तिनं केलं. चांगली टीम आहे आमची.
शेवटी एकानं विचारलं, सुरुवातीला सगळ्यात मोठी अडचण काय आली? सिद्धम्मानं जरा वेळ माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, "जुना माल." वर्ग हसला. यात हसण्यासारखं काय होतं? जुना माल खरंच होता, कंदिलसुद्धा होते.
स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी यायला वेळ होता. म्हणाली, "वाळलाव तुम्ही. जेवायलाव का नीट?" मी म्हणालो, अभ्यास असतोय. तिनं पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढून दिली. मग गाडी दिसल्यावर विचारलं, "बरं बोलले का मी?" मी म्हणालो, सुधारणेला वाव आहे. गाडी गेल्यावर वाटलं, व्हय एवढंच म्हणायला पाहिजे होतं.

२२ जानेवारी, गुरुवार.
निकाल. बिझनेस: पास. इंग्रजी: २९, पाहिजेत ३५. फक्त सहाचा फरक, आणि सहा म्हणजे एक निबंध. 'माय फ्यूचर प्लॅन' लिहिता लिहिता वेळ संपला. योजना मोठ्या असल्या की असं होतं. उद्यापासून रोज वीस शब्द पाठ.

२३ जानेवारी, शुक्रवार.
उद्यापासून.

१६ एप्रिल, गुरुवार.
नवा नियम. उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे एखाद्या धंद्यात इंटर्नशिप, आणि त्यांचं पत्र. पत्र न्हाई तर दुसरं वर्ष न्हाई. माझ्यासारख्या अनुभवी माणसाला तर ओढाओढ होणार.

२९ एप्रिल, बुधवार.
कारच्या शोरूममध्ये गेलो. फार मान दिला. थंड पाणी, एसी, गाडीत बसवून चक्कर मारून आणली. खाली उतरून अर्ज पुढं केला आणि वातावरण बदललं. अफजलपूरच्या बाजूला एका साखर कारखान्यात गेलो. साहेबानं अर्ज वाचला आणि विचारलं, "मुलाला संगं न्हाई आणलं का?" एका बँकेनं 'वुई रिग्रेट' लिहून पाठवलं. रिग्रेट हा शब्द आता पाठ झाला.

४ मे, सोमवार.
पंचशीलाला हैदराबादच्या कंपनीत इंटर्नशिप मिळाली. पेढा द्यायला आली. माझा चेहरा बघून म्हणाली, "काका, काकूंना विचारा की."
म्हणालो, माझ्याच दुकानात मी?
"कागदपत्रं काकूंच्या नावावर हाईत आता. मी प्रकल्पात लिहिलंय, पान चौदा."
बँकेच्या कामाला सोपं पडावं म्हणून ऑगस्टमध्ये मी कुठंतरी सही केली होती खरी.

१० मे, रविवार. नौबाद.
सिद्धम्मा म्हणाली, अर्ज द्या. दिला. म्हणाली, गिऱ्हाईक दारात आलं तर काय कराल? मी ग्राहकाच्या मानसिकतेवर चार मिनिटं बोललो. ती म्हणाली, "अगोदर 'या' म्हणायचं." निवड झाली. उद्या नऊ वाजता. मुद्दाम सव्वानऊला जाणार, म्हणजे दबाव राहत न्हाई.

११ मे, सोमवार.
अर्ध्या दिवसाची गैरहजेरी मांडली.

३ जून, बुधवार.
आज एक म्हातारी आली, एकटीच. मी "या" म्हणालो. ती बसली. किती माणसांचं जेवण, विचारलं. म्हणाली, "एकटीचं. धनी गेले माझे. मोठी भांडी उचलंनात आता." फूटफॉल वगैरे काहीच आठवलं न्हाई. लहान पातेलं, लहान कढई, एका भाकरीचा तवा, एकेक तिच्या मांडीवर ठेवत गेलो. पाऊण तास. सिद्धम्मा गल्ल्यावरून बघत होती. हे थिअरीत कुठं बसतं, ते पुस्तकात बघायला पाहिजे.

२० जून, शनिवार. दुपारी ४.
सहा आठवडे पूर्ण. विद्यापीठाचा फॉर्म भरून घ्यायला बसलो. वेळ पाळणं: सिद्धम्मा म्हणाली, मध्यम. बोलणं: जास्त. शिकण्याची तयारी: म्हणाली, "हाय. लिहा, हाय." सही केली. दुसऱ्या वर्षाचं काम झालं.
खाली एक शेवटचा प्रश्न होता, इंग्रजीत. तिनं विचारलं, हे काय हाय? मी सांगितलं, या उमेदवाराला तुम्ही कायमची नोकरी द्याल का. हो किंवा न्हाई, खूण करायची. मी पेन उघडून 'हो'च्या चौकोनाजवळ धरलं.
तिनं पेन घेतलं, टोपण लावलं आणि म्हणाली, "विचार करून सांगते." तेवढ्यात डबे बघायला तिघीजणी आल्या, आणि ती उठली.
फॉर्म सोमवारी द्यायचाय. मी बाहेर पायरीवर बसलोय. अजून गिऱ्हाईक चालूच आहे.