लाईनमनचा झेंडा

ता. ९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक उ. आ.

चार दिवस तुझा फोन बंद आहे, म्हणून शेवटी कागद-पेन काढलं. याआधी तुला पत्र लिहिलं ते तू दहावीला नापास होणार म्हणून रडत होतास तेव्हा. पुढे चांगला पास झालास. तेव्हापासून तुझ्या रडण्यावर माझा विश्वास नाही, पण तू गप्प बसलास की मात्र जिवाला घोर लागतो.

इकडे फायनलचं दुःख काही सरत नाही. एकोणतीस वर्षांनी आमचा क्लब फायनलला पोचला, अगदी शेवटच्या मिनिटाला गोल मारला, आणि माझ्याच सख्ख्या भावानं ऑफसाईडची शिट्टी फुंकून तो पुसून टाकला. मग पेनल्टीत हरलो. त्यात तुझं चष्म्याचं दुकान आहे हे कुणीतरी शोधून काढलं. झालं, माकडाच्या हाती कोलीत! जगाला नंबर काढून देणाऱ्याला स्वतःचा नंबर कळेना, हा विनोद मी आजवर अकरा जणांकडून ऐकला. ब्लाऊजचं माप देतानाही बायका ऐकवतात. मी तोंडात टाचण्या धरून ठेवते, म्हणजे उत्तर द्यायला नको.

ह्यांचं तर विचारूच नकोस. छापखान्यात जातात, येतात, जेवतात, भिंतीकडे तोंड करून पडतात. कप येईपर्यंत दाढी करायची नाही असं सगळ्या पाठीराख्यांनी ठरवलं होतं. हरल्यावर बाकीच्यांनी उतरवली, ह्यांची तशीच आहे. मेहुणा या घरात आला तर मी मागच्या दारानं निघून जाईन, असं काल म्हणाले. आपल्या घराला मागचं दार नाही, हे मी मुद्दाम सांगितलं नाही.

सगळ्यात वाईट अवस्था समोरच्या सलूनवाल्या काकांची, त्या दिवशी तुझे लाईनमन तेच ना! मॅच ज्या गावात, लाईनमन त्याच गावचे घ्यायचे ही तुमच्या संघटनेची पद्धत. आता लोक म्हणतात, गावचा असून गावावर उलटला. ज्याला ऑफसाईड दिसत नाही त्याच्या वस्तऱ्यापुढे गळा कोण धरणार, असं म्हणून गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. दोन्ही खुर्च्या रिकाम्या. काका दिवसभर आरसे पुसत बसतात. खरं सांगू? मलाही त्यांचा रागच आलाय. दर सोमवारी माझ्या कात्र्यांना ते धार लावून देतात. या सोमवारी मी दिल्याच नाहीत.

दोन ओळी तरी लिही. राग आहेच, पण माया त्याहून जुनी आहे, एवढं लक्षात ठेव.

तुझी,
ताई

ता. १३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मी ठीक आहे, म्हणजे जेवतो आणि दुकान उघडतो. पार्सलनं दोन पांढऱ्या काठ्या आल्या, पाठवणाऱ्याचं नाव नाही. त्यातली एक बरी निघाली, ती एका अधू नजरेच्या आजोबांना देऊन टाकली. शिव्यांची पत्रं वाचत नाही. नुसती पाकिटं बघूनच थकवा येतो गं.

तीस तारखेला संघटनेची चौकशी आहे. काकांचं नाव लाईनमनच्या यादीतून कायमचं काढायचं असं जवळपास ठरलंय. माझं निवेदन तेवढं जायचं आहे. पंचवीस वर्षं तो माणूस ऊन-पाऊस न बघता रेषेवर धावला.

निर्णय रेफरीचा असतो ताई, लाईनमन फक्त सुचवतो. तू काकांवर रागावू नकोस. कात्र्या त्यांच्याकडे दे. याहून जास्त आत्ता विचारू नकोस.

दाजींना नमस्कार सांगायचा की नाही, ते त्यांचा चेहरा बघून ठरव. आहे तेवढा लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. १६ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक उ. आ.

विचारू नकोस म्हणालास, म्हणून विचारतेच.

पाठीराख्यांनी ह्यांच्या छापखान्यात त्या गोलाच्या फोटोचं भलंमोठं पोस्टर छापून घेतलंय. वर लिहिलंय, 'हा बघा पुरावा'. ह्यांनी एक प्रत घरी आणली आणि माझ्या कटिंगच्या टेबलावर पसरली. आपल्या गड्याचा पाय चेंडूला लागतोय, तू तोंडात शिट्टी धरून गाल फुगवलेत, आणि काकांचा झेंडा खाली गुडघ्याशी आहे. म्हणजे काकांनी झेंडा आधी उचललाच नव्हता, तुझी शिट्टी झाल्यावर उचलला, तेव्हा ते विकले गेले होते, असा लोकांचा हिशेब.

मी मात्र दुसरंच बघत बसले. काकांच्या खांद्यामागे, दोरीपलीकडच्या गर्दीतून एक पिवळा चौकोन वर आलाय. कडेला दुहेरी शिवण. ती शिवण मी झोपेतही ओळखेन, कारण ती माझीच आहे.

गेल्या वर्षी तू म्हणालास, संघटनेचे झेंडे विटलेत, दोन नवे शिवून दे. मी पिवळ्या ताग्यातून शिवून दिले. फायनलच्या आधी ह्यांच्या मंडळींनी चाळीस छोटे झेंडे मागितले. ताग्यात कापड उरलंच होतं, तुझ्या झेंड्याचा कटिंगचा कागद खिळ्याला लटकत होता. म्हटलं नवं माप कशाला काढा? तेच कापड, तेच माप. मैदानात लांब काठ्या नेऊ देत नाहीत, म्हणून काठीही तेवढीच. मी आपली काटकसरीवर खूश.

आणि त्या पिवळ्या चौकोनाखाली एक दाढीही दिसते रे. दाढ्या तेव्हा सगळ्यांच्याच होत्या, पण ती कुणाची, हे मी तुला सांगायला नको.

तू काकांचा झेंडा बघून शिट्टी वाजवलीस की ह्यांचा? खरं लिही. माझे हात कामाला लागत नाहीत.

ताई

ता. १९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दाजींचा.

डोळ्याच्या कोपऱ्यातून रेषेवर पिवळं वर आलेलं दिसलं आणि शिट्टी वाजली. मग चेंडू जाळ्यात गेला. मान वळवून पाहतो तर काकांचा झेंडा खाली, आणि त्यांच्यामागे दाजी झेंडा नाचवत उड्या मारतायत. गोल होणार म्हणून त्यांनी आधीच आनंद सुरू केला होता.

शिट्टी वाजली की खेळ थांबला. गोल तिथेच गेला, तो मला परत देता आला नसता. पण अशी चुकून शिट्टी वाजली तर तसं कबूल करायचं आणि चेंडू टाकून खेळ पुन्हा सुरू करायचा, असा नियम आहे. एवढं सोपं होतं. वीस हजार लोक ओरडत होते आणि माझी हिंमत झाली नाही. मी हात वर करून ऑफसाईड दाखवला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आणि त्यांनी हळूच आपला झेंडा वर केला. मला सांभाळून घेतलं गं त्यांनी. त्यानंतर मला एका शब्दानं विचारलं नाही.

चूक शिट्टीची होती तोवर ठीक होतं. नंतर मी खोटं बोललो. त्याची लाज वाटते.

टेबलावर दोन निवेदनं लिहून ठेवली आहेत. एकात खरं आहे. ते पाठवलं तर काका सुटतात, पण रेफरीच्या बहिणीनं झेंडे शिवले आणि तिच्या नवऱ्यानं नाचवले, हे गावभर होईल. तुमचं दुकान त्याच रस्त्यावर आहे. लोक आज सलून टाळतात, उद्या तुला टाळतील, आणि दाजी त्या मंडळींत परत कधी उभे राहू शकणार नाहीत. दुसऱ्यात मी दमल्यामुळे चुकलो एवढंच लिहिलंय, पण त्यानं काका सुटत नाहीत. इकडे आड, तिकडे विहीर. तू सांगशील ते पाठवतो. लहानपणापासून सगळं तूच ठरवत आलीस, हेही ठरव.

तुझा,
धाकटा

ता. २२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक उ. आ.

खरं आहे ते पाठव. हे पत्र हातात पडताच पाठव, चष्म्याच्या काचा पुसत बसू नकोस.

तुझं पत्र मी ह्यांच्यापुढे ठेवलं. वाचलं, परत वाचलं. मग टेबलावरचं पोस्टर घेऊन खिडकीशी गेले आणि कितीतरी वेळ स्वतःचीच दाढी बघत उभे राहिले. मला वाटलं आता भांडी आपटतील. काही नाही. एवढंच म्हणाले की आपण तीन आठवडे चुकीच्या माणसाला शिव्या घातल्या. मी म्हटलं, तीन नाही, अडीच. ते हसले नाहीत, मलाही हसू आलं नाही.

काल सुट्टीचा दिवस. चौकातल्या कट्ट्यावर सगळी मंडळी होती. हे झेंडा हातात घेऊन तिथे गेले आणि त्यांनी सगळं सांगितलं. झेंडा कुणी शिवला, कुणी उचलला, रेफरीनं काय पाहिलं. मी दारात उभी राहून ऐकत होते. एकानं झेंडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि परत दिला. एकजण थुंकला. एवढी वर्षं ज्यांच्या खांद्याला खांदा लावून ओरडले, त्यांतले दोघं उठून निघून गेले. तुझ्यावरचा राग आता आमच्यावर येईल, येऊ दे. आज दोन बायका शिवायला टाकलेले कपडे तसेच परत घेऊन गेल्या. मी घडी घालून दिले.

मग हे सरळ समोर गेले. काका आरसाच पुसत होते. ह्यांनी झेंडा आरशाखाली ठेवला आणि खुर्चीत बसले. काकांना ते आधीपासून ठाऊक होतं रे. मागे कुणाचा झेंडा फडफडतोय ते त्यांनी तेव्हाच पाहिलं होतं. शेजारच्या घराचं नाव कशाला घ्यायचं, म्हणून गप्प राहिले. आणि मी त्यांना कात्र्या देत नव्हते!

त्यांनी साबण लावला. वस्तरा उघडला तेव्हा त्यांचा हात कापत होता, तो मला रस्त्याच्या इकडून दिसला. कट्ट्यावरचे सगळे टक लावून बघत होते. ह्यांनी मान मागे टाकली, गळा पुढे केला आणि डोळे मिटून घेतले. तेव्हा काकांचा हात स्थिर झाला. आणि दाढी अशी झाली म्हणतोस, एक ओरखडा नाही.

आज सकाळी दुसऱ्या खुर्चीतही एकजण बसला होता. एकच, पण बसला होता. कात्र्या मी स्वतः नेऊन दिल्या.

तुझी शिट्टी आता बहुतेक जाईल. जाऊ दे. निवेदन पाठवून झालं की चार दिवस इकडे येऊन राहा. हे म्हणालेत, येऊ दे, मी घरातच असेन. पण आधी आमच्या दाराशी येऊ नकोस. पिशवी घेऊन तसाच समोरची पायरी चढ, काकांशी काय बोलायचं ते बोल, आणि मग रस्ता ओलांडून ये. मी दारातच उभी असेन.

लोभ होता तसाच आहे. तो वाढवायचं आता तुझ्याकडे लागलं.

तुझी,
ताई