रिकामा डबा परत करू नये

सेम्बावांग, सिंगापूर,
१४ ऑक्टोबर २००५

ती. अभयदादास,

धाकट्या प्रेमाचा साष्टांग नमस्कार (गुडघा दुखतोय, तेव्हा तूर्त उभ्यानेच मानून घे). वहिनीचं पित्त आणि तुझी शुगर आटोक्यात असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही मजेत. हे बोटीवर आहेत, म्हणजे जरा जास्तच मजेत.

पत्र लिहायचं कारण, आमच्या खालच्या मजल्यावर साक्षात एक लेखिका राहते! मिस वेदरबी, वय ऐंशी, विलायतेच्या, शिपयार्डातल्या भाच्याकडे आल्यात. गणपतीत मी मोदकांचं ताट दिलं, तर ते घासूनपुसून रिकामंच परत. मी स्पष्ट सांगितलं, आमच्यात रिकामं भांडं परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी ठेवतात (मास्तरांची लेक ना मी!). पुढच्या खेपेला ताटात काय आलं असेल? त्यांनी स्वतः लिहिलेली कादंबरी! दादा, मी ती आधी देवापुढे ठेवली. आपल्या घराण्यात छापील नाव फक्त लग्नपत्रिकेवर.

कादंबरी वेड्यांच्या इस्पितळावरची. डिक्शनरी घेऊन दहा पानं वाचली, इस्पितळाच्या फाटकापाशी काढलेला त्यांचा फोटो पाहिला आणि ताडलं, या नक्की मोठ्या डॉक्टरीणबाई. फुकटचा सल्ला कोण सोडतो? आपल्या सुलेखाताईची इस्पितळाची फाइल काढली नि पोचले. ('माझ्या एका मैत्रिणीची बहीण' असंच सांगितलं, घाबरू नकोस.) बाईंनी चष्मा लावून पान न् पान वाचलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मी डॉक्टर नव्हे. मी तिथे नऊ वर्षं पेशंट होते." धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला. (मैत्रेयी इकडच्या ढंगात म्हणते, "आई, कव्हरवरच लिहिलंय लाह!") नऊ वर्षं, दादा! आणि त्यातून उठून ही बाई पुस्तकं लिहिते, माझ्यासमोर चहात बिस्किट बुडवते.

मग त्यांनी विचारलं, तिला भेटायला कोण जातं? म्हटलं, दर दिवाळीला लाडवांचा डबा जातो. पण परत येतो तेव्हा त्यात वेड्यासारखं काहीबाही असतं, कधी आवारातल्या चिंचा, कधी चार बटणं, एकदा तर सोललेला लसूण. बाई म्हणाल्या, "म्हणजे तिनं डबा रिकामा कधीच पाठवला नाही."

दादा, मी तिथेच रडले. मैत्रीणबित्रीण राहिली बाजूला, माझीच बहीण आहे म्हणून सांगून टाकलं.

वहिनीला नमस्कार. पथ्य सांभाळ.

तुझी,
प्रेमा

ता. क. : 'रुग्ण बरी आहे, घरी न्यावे' हे इस्पितळाचं इंग्रजी पत्र फाइलमध्येच होतं, तीन वर्षांपूर्वीचं. तू झेरॉक्स काढलीस, मी फाइलला लावली, वाचलं मात्र परक्या बाईनं.

आणखी एक : बावीस तारखेला मी एकटीच येते आहे. इस्पितळात सहीला तू लागशील. वहिनीला म्हणावं, लाडू कर, पण डबा भरू नकोस. यंदा पानं चार मांडायची आहेत.