ताप नसलेल्या मुली

बाबा, परतवाड्याच्या पुढे, मेळघाटाच्या तोंडाशी असलेल्या मुलींच्या निवासी शाळेत मी आता शिकवते. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, म्हणून सांगते. तुम्ही हिवतापाचे कर्मचारी. सायकलवर काचपट्ट्यांची पेटी बांधून गावोगाव रक्ताचे नमुने घेत हिंडायचात. मी चौथीत असताना आमच्या शाळेत आलात आणि मी, तुमचीच मुलगी, संडासामागे लपले. तुम्ही हाताला धरून वर्गासमोर आणलंत. "तुले ताप नाही म्हणून तू सुटली काय? तुह्या रक्तातून मच्छर शेजारच्या लेकराले ताप देते." वर्ग हसला. आठवडाभर मी तुमच्याशी बोलले नाही.

यंदा दिवाळीची सुट्टी लागली त्या सकाळी वसतिगृहातल्या दोन मुली तापाने फणफणल्या होत्या. दोघींनाही मलेरिया. फाटकाबाहेर गावोगावच्या जीपा उभ्या, मुली पेट्या घेऊन तयार. मी म्हटलं, सगळ्यांची तपासणी झाल्याशिवाय कुणी गावी जाणार नाही. मुख्याध्यापक चिडले. "मॅडम, जीपवाले बोंबलून राहिले. ताप आहे त्यांनाच ठेवा ना!" एक आई फाटक हलवत ओरडते आहे, "माही पोरगी चांगली खेळून राहिली, तिले काहून टोचता?" मी कुलूप लावते, किल्ली मुठीत धरते. आरोग्यसेविका एकेकीचं बोट टोचते, रक्ताचा थेंब तपासणीच्या पट्टीवर टाकते आणि दर वेळी त्या पट्टीकडे पाहत पाव तास थांबायचं. कितीतरी पट्ट्यांवर एकच रेघ, म्हणजे काही नाही. मुख्याध्यापक घड्याळ पाहतात, मग माझ्याकडे. मग त्या आईच्या मुलीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली. मुलीचं अंग गार, ती मैत्रिणीशी खिदळत होती. आईने फाटक सोडलं. "मॅडम, घरी मोठी पोरगी बाळंतपणाले आली हाये."

ताप नसलेल्या चौघींना मलेरिया निघाला. त्यांना ठेवून घेतलं, गोळ्या सुरू केल्या. मोठीचं बाळंतपण मागच्या आठवड्यात सुखरूप झालं. आईनेच फोन केला.

पण कुलूप लावण्याआधी एक जीप निघून गेली होती. आरोग्यसेविका दुसऱ्या दिवशी त्या गावात पोचली. त्या जीपमधल्या एकीला मलेरिया निघाला, आणि तीन आठवड्यांनी तिच्या आजीलाही ताप चढला. आजी अंथरुणातून उठली, पण फार दिवसांनी. मी सगळ्यांना सांगितलं, ती जीप मला दिसलीच नाही.

हे पत्र वहीतच राहील, म्हणून लिहिते. दिसली होती, बाबा. मुख्याध्यापक शेजारी उभे होते, माझं तोंड उघडलं नाही. मुलींनी जीपमधून हात हलवला आणि मीही हलवला.