सातव्या तुकड्यातली बासरी

बाबा,

तुमची रेकॉर्ड आली. मीच खोका फोडला आणि ऐकलीही. त्या अवकाशपटाचं न कापलेलं, अख्खं संगीत निघावं म्हणून तुम्ही सहा वर्षं कंपनीचं डोकं खाल्लंत, आता ऐका.

सहा वाजता तुमची चाहतेमंडळी येताहेत, मीच बोलावलंय. सकाळपासून फोनवर नाचताहेत बिचारे! सातव्या तुकड्यातला तुमचा ट्रम्पेट त्यांना ऐकायचाय, सिनेमातून कापला म्हणून तुम्ही जन्मभर हळहळलात तो. तिथे बासरी आहे, बाबा. सोबतच्या पुस्तिकेत तारखेसकट छापलंय, की ट्रम्पेटवाला त्या दिवशी फिरकलाच नाही, म्हणून बासरीवर भागवलं. ते पान उघडून टेबलावर ठेवलंय, शेजारी तुमचा चष्मा.

तारीख बघा. आई हॉस्पिटलमध्ये वारली तो दिवस. "रेकॉर्डिंग सोडून कसा येणार होतो?" असं तुम्ही मला वीस वर्षं ऐकवलंत.

मी मावशीकडे राहायला चाललेय. बिस्किटं डब्यात आहेत, पाहुण्यांना द्या. त्या दिवशी तुम्ही कुठे होतात, ते मी विचारणार नाही. ते विचारत विचारतच आई गेली.