काचेच्या दालनातला चहा

टॉर्की, १२ मे १९५८

प्रिय मेबलताई,

तुझ्या गुडघ्याला आता उतार आहे ना? शनिवारी मी पोचेन. मागची खोली तू झाडू नकोस, आल्यावर मी झाडेन.

काल हॉटेलातला माझा शेवटचा दिवस. सव्वीस वर्षं तळघरात बसून टेबलक्लॉथ रफू केले, म्हणून मॅनेजरसाहेबांनी दुपारच्या चहाला मला वरच्या काचेच्या दालनात बसवलं. पियानो चालला होता. समोर काकडीची सँडविचेस, गरम स्कोन आणि घट्ट साय.

वाढायला आमची डोरीन. "बाईसाहेब, दूध किती घालू?"

"रोज तूच करून देतेस की."

"ते तळघरात. इथे विचारावं लागतं. नीट बसा बघू."

कप उचलला तर बशीवर खडखडला, चहा सांडला. हाताचं तुला कळवलं नव्हतं. हिवाळ्यापासून जरा थरथरतो. रफू आता जमत नाही, बाकी काळजीचं काही नाही. शेजारच्या टेबलावरच्या दोघी बघायला लागल्या.

डोरीनने मला दुसरा कप आणून दिला, अर्धाच भरलेला. मग त्या दोघींचेही कप तिने अर्धेच भरले.

"अगं, एवढाच?" एकीने विचारलं.

"आज सगळ्यांना एवढाच, मॅडम. लागेल तसा पुन्हा आणते."

आणि तासभर ती बिचारी किटली घेऊन सगळ्या टेबलांवरून फिरत राहिली. ताई, मी चार वेळा चहा घेतला, पण पुन्हा एक थेंब सांडला नाही.

तुझी धाकटी,
हिल्डा